सेटिंग कमी करूनही गेम अडखळतो, तेव्हा आधी काय तपासावे

डिचोलीच्या एका तरुणाचा प्रश्न असा आहे. तीन वर्षांपूर्वी घेतलेला लॅपटॉप, त्यात इंटेलचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ४ जीबीचे आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्ड आणि १४४ हर्ट्‌झचा पडदा. मोठ्या शहरात मोकळेपणी गाडी चालवायचा गेम सुरुवातीला ७० एफपीएसने, म्हणजे सेकंदाला ७० चित्रांच्या वेगाने, उत्तम चालतो, पण वीसेक मिनिटांनी ३५-४० वर घसरतो आणि मधूनमधून गचके देतो. ग्राफिक्सच्या साऱ्या सेटिंग ‘लो’वर आणल्या, ड्रायव्हर नवा घातला, तरी फरक नाही. दुकानदार म्हणतो फॉरमॅट करा, मित्र म्हणतो चतुर्थीच्या सवलतीत नवा लॅपटॉप घे. काय करावे?

मी म्हापशात संगणक जोडणीचे आणि दुरुस्तीचे काम करतो, आणि या वर्णनाचे लॅपटॉप माझ्या टेबलावर नेहमी येतात. तुम्ही विचारले आहे की गेमचा वेग कसा वाढवावा. माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे: जो वेग पहिल्या वीस मिनिटांत मिळतो, तो नंतर का टिकत नाही? यंत्रात ७० एफपीएस देण्याची ताकद आहे हे ते रोज सिद्ध करते. म्हणजे ताकद कमी पडत नसून ती कोणीतरी अडवून धरत आहे, आणि अडवणारा सापडेपर्यंत एक रुपयाही खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘लो’ सेटिंगने फरक पडला नाही याला तुम्ही अपयश समजला आहात, पण निदानाच्या दृष्टीने तीच तुम्ही दिलेली सर्वांत मोलाची माहिती आहे. ती का, हे समजण्यासाठी एक चित्र पडद्यावर कसे येते ते थोडे पाहावे लागेल. ६० एफपीएस हवे असतील तर प्रत्येक चित्रासाठी १००० भागिले ६०, म्हणजे सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. एवढ्या वेळात प्रोसेसर आधी गेमचे जग पुढे सरकवतो: कोणती गाडी कुठे वळली, कोण कोणाला धडकले, रस्त्यावरची माणसे कुठे चालली आहेत. मग तो ग्राफिक्स कार्डाला काय काय रंगवायचे याच्या सूचना देतो, आणि कार्ड १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके रंगवते. दोघे एकाच वेळी कामात असतात, एक पुढच्या चित्राच्या तयारीत आणि दुसरा आधीच्या चित्राच्या रंगकामात. त्यामुळे वेग ठरतो तो दोघांतल्या मागे पडणाऱ्यावरून. रायबंदरच्या धक्क्यापर्यंतचा रस्ता कितीही रुंद केला, तरी पलीकडच्या चोडण बेटावर किती गाड्या पोहोचतील हे फेरीबोटच ठरवते, तसे हे आहे. ‘लो’ सेटिंग मुख्यतः ग्राफिक्स कार्डाचे ओझे कमी करते. ते कमी करूनही एफपीएस हलत नसेल, तर त्या क्षणी खोळंबा कार्डापाशी नसून प्रोसेसर, रॅम किंवा उष्णता यांपैकी कुठेतरी आहे.

यंत्र मी डोळ्यांनी पाहिलेले नाही, त्यामुळे पुढचे सारे काही गोष्टींवर अवलंबून आहे. तुमच्या लॅपटॉपची थंड करण्याची रचना कशी आहे, खोली किती तापते, रॅमच्या पट्ट्या एक आहे की दोन, गेम प्रोसेसरवर किती भार टाकतो, यांवर उत्तर बदलते. तरीही वीस मिनिटांचा हिशेब पाहता माझा पहिला संशय उष्णतेवर आहे, आणि दुसरा ८ जीबी रॅमवर.

या दोघांना वेगळे करणारी एक सोपी चाचणी आहे. गेम अडखळू लागला की तो पूर्ण बंद करा आणि लगेच पुन्हा सुरू करा. पुन्हा ७० एफपीएस मिळाले आणि वीस मिनिटांनी पुन्हा घसरले, तर रॅम हळूहळू भरत आहे, कारण गेम बंद होताच ती रिकामी होते. लगेच सुरू करूनही वेग ४० च्या आसपासच राहिला, पण अर्धा तास यंत्र बंद ठेवल्यावर सुधारला, तर दोष उष्णतेचा आहे, कारण तापलेले धातू काही सेकंदांत निवत नाहीत.

त्यानंतर मोजमाप. आफ्टरबर्नर हे फुकट मिळणारे साधन घाला. ते गेम चालू असतानाच पडद्याच्या कोपऱ्यात आकडे दाखवते. प्रोसेसरचे तापमान व वेग, कार्डाचे तापमान, वेग, वॅट आणि वापराची टक्केवारी, वापरात असलेली रॅम, आणि शक्य असेल तर प्रत्येक चित्राला लागणाऱ्या वेळेचा आलेख, एवढे पुरे. गेममध्ये एकच रस्ता ठरवा आणि त्याच रस्त्यावर तिसऱ्या मिनिटाला एकदा, पंचविसाव्या मिनिटाला एकदा आकडे लिहून घ्या. पहिल्या मिनिटाचे आकडे घेऊ नयेत, कारण लॅपटॉपचे प्रोसेसर सुरुवातीला थोडा वेळ मुद्दाम जास्त वीज घेऊन पळतात आणि मग आपल्या नेहमीच्या वेगावर येतात. तो दोष नव्हे.

हे आकडे वाचताना दोन ठिकाणी बहुतेकांची फसगत होते. पहिले म्हणजे प्रोसेसरच्या वापराची एकूण टक्केवारी. ती ४० टक्के दिसली की माणूस म्हणतो, प्रोसेसर तर निम्माही वापरात नाही. पण आठ धाग्यांच्या, म्हणजे एका वेळी आठ कामे चालवू शकणाऱ्या, प्रोसेसरमध्ये एक धागा पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात तो फक्त साडेबारा टक्के दिसतो, आणि पुष्कळ गेम एका मुख्य धाग्यावरच अडून राहतात. म्हणून आकडा धाग्यागणिक पाहावा. दुसरे म्हणजे ग्राफिक्स कार्डाची टक्केवारी. ती कार्ड किती वेळ कामात होते ते सांगते, कोणत्या वेगाने काम करत होते ते सांगत नाही. ९८ टक्के वापर आणि १७०० मेगाहर्ट्‌झ ही एक अवस्था, ९८ टक्के वापर आणि ९०० मेगाहर्ट्‌झ ही अगदी वेगळी. त्यामुळे टक्केवारीच्या शेजारी वेग आणि वॅट पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

पंचविसाव्या मिनिटाला प्रोसेसरचे तापमान ९५ ते १०० अंशांवर चिकटलेले आणि वेग तिसऱ्या मिनिटापेक्षा बराच खाली आलेला दिसला, तर उत्तर मिळाले. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ती गाठली की चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. तुमच्यासारख्या बऱ्याच लॅपटॉपांत प्रोसेसर आणि कार्ड यांची उष्णता एकाच तांब्याच्या नळ्यांतून बाहेर जाते, म्हणून एकाचा ताप दुसऱ्याला भोवतो. यातच ‘लो’ सेटिंगचे कोडेही सुटते. कार्डाचे ओझे कमी केले की ते चित्रे पटापट संपवते, मग प्रोसेसरला अधिक चित्रांची तयारी करावी लागते, तो अधिक तापतो, आणि वाचलेली सगळी उष्णता दुसऱ्या दाराने परत येते.

आपल्याकडच्या हवेचा इथे थेट संबंध आहे. लॅपटॉप खोलीतल्या हवेनेच थंड होतो, आणि तितकीच वीज खाणारी चिप खोलीच्या तापमानापेक्षा साधारण तितक्याच अंशांनी वर राहते. खोली २४ वरून ३४ अंशांवर गेली की चिपही जवळपास दहा अंशांनी चढते. एसी लावलेल्या दुकानात उत्तम चालणारा लॅपटॉप मे महिन्यातल्या दुपारी घरी का अडखळतो, याचे बरेचसे उत्तर एवढ्यातच आहे. दमट हवेमुळे मात्र त्या क्षणी थंड होण्यात फारसा फरक पडत नाही. दमटपणाचे नुकसान सावकाश होते: धूळ ओलसर होऊन चिकटते आणि धातू खराब होतो. हरमल, मोरजी, कळंगुट अशा किनाऱ्याजवळच्या घरांतून आलेल्या यंत्रांत उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर पांढरी भुकटी धरलेली मला वारंवार दिसते. तुमच्या भागात खाऱ्या वाऱ्यापेक्षा तांबडी धूळ अधिक, आणि ती फार बारीक असते.

ही धूळ नेमकी कुठे बसते ते सांगतो, कारण बाहेरून पाहणाऱ्याला ती दिसत नाही. पंख्याची पाती पुसून पाहिली तर बऱ्यापैकी स्वच्छ असतात. पंखा हवा फेकतो ती एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या पातळ पात्यांच्या जाळीवर, आणि पंखा व जाळी यांच्या मधल्या अरुंद फटीत धूळ, केस, कपड्यांचे तंतू यांची जाड, लोकरीसारखी पट्टी तयार होते. ती चिमट्याने धरली की अखंड निघून येते. तेवढी पट्टी असली की पंखा पूर्ण वेगाने ओरडतो, पण बाजूच्या छिद्रापाशी हात धरला तर हवेचा झोत जेमतेम जाणवतो. तुमच्याकडे हे आजच करून पाहता येईल: आवाज मोठा आणि झोत दुबळा असेल, तर आत जाळी बुजलेली आहे असे धरून चाला.

साफसफाई बाहेरून ब्लोअर मारून होत नाही. ती पट्टी तशाने आणखी आत दाबली जाते आणि पंखा उलटा गरगर फिरून त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. खालचे झाकण काढावे, सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवावी, पंखा बोटाने धरून मऊ ब्रशने जाळी मोकळी करावी. तीन वर्षांत चिपवरची थर्मल पेस्टही, म्हणजे चिपची उष्णता वरच्या धातूकडे नेणारा लेप, बहुधा सुकलेली असते, ती बदलणे योग्य. लॅपटॉपमध्ये चिपला वरून धातूचे कवच नसते, म्हणून पेस्टचा पातळ थर चिपच्या चारही कोपऱ्यांपर्यंत पोहोचला पाहिजे. चिपवर दाबून बसणाऱ्या धातूच्या पट्टीच्या स्क्रूंशेजारी सहसा १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. स्क्रू त्याच क्रमाने, थोडे थोडे करून आवळावेत, नाहीतर पट्टी एका बाजूला उचललेली राहते आणि काम करूनही तापमान उतरत नाही. ग्राफिक्सच्या मेमरीवरचे मऊ पॅड फाटले तर नवीन पॅड त्याच जाडीचे हवेत. यांपैकी काही आधी केलेले नसेल, तर जाणत्या माणसाकडून समोर बसून करून घ्या, आणि वॉरंटी वाढवून घेतलेली असेल तर झाकण उघडण्याआधी कंपनीच्या सेवा केंद्रात विचारा. गोव्यात मी दोन वेळा सुचवतो: पाऊस संपल्यावर एकदा, आणि उन्हाळा चढण्यापूर्वी एकदा नुसती जाळी. पेस्ट दर वेळी बदलण्याची गरज नाही.

साफसफाई होईपर्यंत, आणि झाल्यावरही, एक उपाय आज रात्रीच करता येईल आणि त्याला पैसे लागत नाहीत: एफपीएसला मर्यादा घालणे. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये जास्तीत जास्त फ्रेम रेट ठरवायची सोय आहे. पुष्कळजण ६० लिहितात, पण तुमचा पडदा १४४ हर्ट्‌झचा आहे आणि तो सेकंदाला १४४ ठोक्यांवर चित्र बदलतो. १४४ ला ६० ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे काही चित्रे पडद्यावर दोन ठोके राहतात, काही तीन, आणि आकडा ६० दिसूनही हालचाल किंचित खडबडीत वाटते. पडदा आपला वेग गेमशी जुळवून घेणारा नसेल, तर ७२ किंवा ४८ हे आकडे बरे. ७२ ला प्रत्येक चित्र बरोबर दोन ठोके राहते, ४८ ला तीन. सतत ४८ एफपीएस हे ७० वरून ३५ वर आदळणाऱ्या वेगापेक्षा हाताला आणि डोळ्याला कितीतरी चांगले वाटते. सरासरी एफपीएसच्या मागे लागण्यापेक्षा चित्रांमधले अंतर समान ठेवणे हेच मी गिऱ्हाइकांना आधी शिकवतो.

तेवढ्याने भागले नाही, तर प्रोसेसरचा टर्बो, म्हणजे मूळ वेगाच्या वर पळण्याची सोय, आवरता येतो. विंडोजच्या पॉवर प्लॅनमधल्या प्रगत सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल अवस्था १०० ऐवजी ९९ टक्के केली की बहुतेक इंटेल लॅपटॉपांत टर्बो बंद होतो. चिपचा वेग वाढवताना व्होल्टेजही वाढवावे लागते आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत चढतो, म्हणून वरचा थोडासा वेग सोडला तरी उष्णता बरीच उतरते. मात्र प्रोसेसरवर फार भार टाकणाऱ्या गेममध्ये टर्बोशिवाय वेग अपुराही पडू शकतो, त्यामुळे हा उपाय करून, मोजून, मगच ठेवावा. काही नव्या लॅपटॉपांत हा पर्याय लपवलेला असतो. तिथे निर्मात्याच्या स्वतःच्या ॲपमधला संतुलित मोड वापरा. लॅपटॉपची मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलून ठेवल्यानेही फायदा होतो, कारण हवा खालून आत जाते. गादीवर ठेवून खेळू नका. आणि सोबत आलेलाच चार्जर वापरा: लॅपटॉपबरोबर मोठा चार्जर आलेला असताना टाइप-सीच्या ६५ वॅटच्या चार्जरवर खेळले, तर यंत्र विजेसाठी हात आखडते आणि ते सारे उष्णतेच्या दोषासारखेच दिसते.

आता रॅम. तुमच्या यंत्रात ८ जीबीची एकच पट्टी असण्याची शक्यता मोठी आहे. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर किती खाचा वापरात आहेत ते लिहिलेले असते. एका पट्टीचे दोन तोटे आहेत. ८ जीबीतून विंडोज आणि ब्राउझर आपला वाटा घेतात, उरलेल्यात आजचा मोठा गेम मावत नाही, आणि मग विंडोज रॅममधला माल एसएसडीवर, म्हणजे साठवणीच्या डिस्कवर, उचल-ठेव करू लागते. ती तुमचे गचके बनून दिसते. शिवाय डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी पुरवते आणि दोन पट्ट्या ५१.२ जीबी, म्हणजे प्रोसेसरला माल दुप्पट वेगाने मिळू शकतो. तुम्हाला एका गोष्टीवरच पैसे खर्च करायचे असतील, तर त्याच प्रकारची आणखी ८ जीबीची पट्टी घ्या. रॅम मदरबोर्डवरच पक्की बसवलेली नाही ना, हे आधी पाहून घ्या.

इथपर्यंतचा क्रम असा: बंद करून लगेच सुरू करण्याची चाचणी, दोन वेळचे आकडे, एफपीएसला मर्यादा, साफसफाई, मग रॅम. प्रत्येक पायरीनंतर त्याच रस्त्यावर पुन्हा मोजा. दोन बदल एकदम केले की कशाने गुण आला ते कळत नाही.

हे झाल्यावर ग्राफिक्सच्या सेटिंगला अर्थ येतो, आणि त्या सरसकट ‘लो’वर ठेवण्याची गरज राहत नाही. सावल्या, प्रतिबिंबे, धुके आणि ढग, प्रकाशकिरणांचा हिशेब करणारे रे ट्रेसिंग ही कामे प्रामुख्याने कार्डाची. रस्त्यावरची गर्दी, गाड्यांची संख्या, किती लांबचे दिसावे ही कामे प्रोसेसरवर जातात, म्हणून तुमच्या बाबतीत हीच आधी कमी करा. टेक्स्चरचा, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावर चिकटवलेल्या चित्रांचा, प्रकार निराळा आहे. ते कार्डाच्या ४ जीबी मेमरीत मावते तोवर एफपीएसवर जवळपास परिणाम करत नाही, आणि मावेनासे झाले की एकदम गचके देते, कारण न मावलेला भाग संथ वाटेने मुख्य रॅममधून आणावा लागतो. मेमरीचा वापर ४ जीबीच्या काठावर दिसला तर टेक्स्चर एक पायरी खाली आणा, बाकीचे तसेच राहू द्या. कार्डच अपुरे पडत असेल तर एनव्हिडियाचे डीएलएसएस चालू करा. तुमच्या आरटीएक्स कार्डात ते चालते. जुन्या किंवा इतर कंपन्यांच्या कार्डांसाठी एएमडीचे एफएसआर आहे. दोन्हींत गेम कमी ठिपक्यांत रंगवून चित्र मोठे केले जाते, म्हणून कार्डाचे काम हलके होते; प्रोसेसरचे होत नाही, हे विसरू नका.

ड्रायव्हर नवा घातल्यावर पहिल्या फेरीत गचके वाढले तर घाबरू नये. शेडर, म्हणजे कार्डाला रंगकाम सांगणारे छोटे प्रोग्रॅम, पुन्हा तयार होत असतात आणि ते गचके त्याच जागी दुसऱ्यांदा येत नाहीत. ऑनलाइन खेळताना दुसऱ्यांच्या गाड्या उड्या मारतात पण आपला कॅमेरा अलगद फिरतो, तेव्हा दोष नेटचा असतो आणि त्यावर वरचा एकही उपाय लागू नाही. फॉरमॅटचा सल्ला मी तुमच्या बाबतीत देणार नाही. पाठीमागे चालणारे नको ते प्रोग्रॅम त्याने जातात हे खरे, पण ते टास्क मॅनेजरमधून बंद करता येतात, आणि बुजलेली जाळी फॉरमॅटने मोकळी होत नाही.

नव्या लॅपटॉपचे म्हणाल, तर साफसफाई आणि १६ जीबी रॅमनंतर पंचविसाव्या मिनिटाचे आकडे तिसऱ्या मिनिटाजवळ आले की हेच यंत्र ठेवा. तुम्ही सांगितलेल्या गेमसाठी ते पुरेसे आहे. आकडे स्थिर होऊनही हवा तो वेग मिळाला नाही, कार्ड ९८ टक्क्यांवर आणि पूर्ण वेगाने चालत राहिले, तरच ते खरोखर अपुरे आहे आणि खरेदीचा विचार योग्य. त्या वेळी केवळ कार्डाच्या नावावर जाऊ नका. लॅपटॉपमधले आरटीएक्स ३०५० हे ३५ वॅटपासून ८० वॅटपर्यंत आणि ४०६० हे ३५ पासून ११५ वॅटपर्यंत वेगवेगळ्या क्षमतेने बसवलेले असते, आणि डब्यावर नाव मात्र एकच असते. दुकानात कार्डाचे वॅट विचारा, मेमरी ८ जीबी आहे का ते पाहा, रॅमची दुसरी खाच मोकळी आहे का ते विचारा, आणि खालच्या झाकणाचे स्क्रू साधे आहेत ना तेही बघून घ्या, कारण आपल्या हवेत ते झाकण पुढेही नियमित उघडावे लागणार आहे.